लंडनच्या बागेत वशिंडाचा बैल: रेडीमनी पाणपोई आणि आपल्याकडचे प्याऊ

थेम्सकाठी:

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता, गेल्या आठवड्यात आईला घेऊन रीजंट्स पार्कात गेले आणि मग लिहिल्याशिवाय राहवेना. लांबलंय, पण सवडीने वाचा.

मुलं बरोबर असली की लंडनला आलेला प्रत्येक जण रीजंट्स पार्कात जातोच, कारण प्राणिसंग्रहालय तिथंच आहे. बागेच्या पूर्वेकडून एक रुंद, सरळसोट पायवाट जाते, ब्रॉड वॉक म्हणतात. त्या वाटेवर साधारण मध्यात एक दगडी बांधकाम उभं आहे, लांबून बघितलं तर वाटतं एखाद्या चर्चचा कळस तेवढा आणून जमिनीवर ठेवलाय. टोकदार शेंडा, चारी दिशांना त्रिकोणी माथे, खाली लालसर खांब आणि चार बाजूंना चार कुंड्या. ही पाणपोई आहे. १८६९ ची. आणि तिचे पैसे दिलेत मुंबईच्या माणसाने, कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. चौदाशे पौंड, त्या काळचे.

मी इथं अकरा वर्षं राहते आणि ह्या पाणपोईवरून किमान पन्नास वेळा गेले असेन. पाटी वाचली होती, फोटोही काढले होते. पण नीट बघितली ती परवा, आणि तीही आईमुळे.

आई माणदेशातली, खिल्लाराच्या मुलखातली. गुडघे दुखतात म्हणून ती पायरीवर टेकली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि मान वर करून नक्षी बघत बसली. मी तिला कावसजींबद्दल सांगत होते, तिचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, हा बैल इथला न्हाई. वशिंड बघ की त्याचं."

मी उठून जवळ गेले. खरंच, संगमरवरात बैल कोरलाय, मागे ताडाचं झाड आणि खांद्यावर चक्क वशिंड! इथल्या गायीबैलांना वशिंड नसतं, पाठ सपाट असते, हे मला माहीत होतं पण मी ते ह्या दगडाशी कधी जोडलंच नव्हतं. आईने चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाली, "ज्यानं घडवलं त्यानं नीट बघून घडवलंय." दुसरीकडे सिंह आहे, त्याच्याही मागे ताड. आणि वर माणसांचे चेहरे, राणी व्हिक्टोरिया, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आणि स्वतः कावसजी. म्हणजे राणीचं राज्य चालू असताना, तिच्याच राजधानीतल्या बागेत, मुंबईच्या शेटजींचा चेहरा तिच्या बरोबरीने दगडात बसवलेला आहे आणि खाली आपला बैल.

आता मुळात पाणपोई का बांधावी लागली हे सांगते, कारण त्याशिवाय ही नक्षी कळत नाही. तेव्हाच्या लंडनमध्ये पाणी म्हणजे मरणच होतं. १८५४ मध्ये सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेच्या वर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो घरोघर फिरले, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं आणि दाखवून दिलं की ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचं पाणी पिणारी घरं उजाड होतायत. मग त्या हापशाचा दांडाच काढून टाकला. वाईट ह्याचं वाटतं की ते पाणी चवीला चांगलं होतं! लांब हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका विधवा बाईंना तीच चव हवी असायची म्हणून रोज बाटली भरून जायची. त्याही गेल्या.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८५९ मध्ये, सॅम्युअल गर्नी नावाच्या खासदारांनी पुढाकार घेऊन फक्त पाणपोया बांधायची एक संस्था काढली. त्यांची पहिली पाणपोई त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात सुरू झाली आणि दिवसाला सात हजार माणसं तिथं पाणी प्यायला लागली. ती अजून आहे, साखळीला बांधलेले लोखंडी पेलेसुद्धा आहेत आणि वर कोरलंय, पेला परत जागेवर ठेवा. पुढे १८६७ मध्ये संस्थेने गुराघोड्यांसाठी दगडी डोणीही बसवायला घेतल्या आणि नावातच त्यांचा समावेश केला. कावसजींनी पैसे दिले ते ह्याच संस्थेला. रॉबर्ट केर्ल यांनी आराखडा केला, हेन्री रॉस यांनी बांधली, सिसिलीचा संगमरवर दहा टन आणि ॲबर्डीनचा लाल ग्रॅनाइट चार टन. उद्घाटनाला राजघराण्यातली प्रिन्सेस मेरी आली होती.

पाटीवरचा मजकूर मात्र खुपतो. मुंबईच्या एका श्रीमंत पारशी गृहस्थाने, ब्रिटिश राज्यात त्याला आणि त्याच्या पारशी बांधवांना जे संरक्षण मिळालं त्याबद्दल इंग्लंडच्या जनतेला दिलेली ही कृतज्ञतेची खूण, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं हेच वाचून मी पुढे निघून जायचे. आता मला वाटतंय की पाटी एक सांगते आणि दगड दुसरंच सांगतो. पाटी राज्यकर्त्यांसाठी लिहिलेली आहे. बैल मात्र कुणाचे आभार मानत नाही, तो कुठून आलाय तेवढंच सांगतो.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडच्या जुन्या पाणपोया, प्याऊ, हौद, त्यांच्यावरची नक्षी कुणी जवळून बघितली असेल तर जरूर लिहा.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली:

धागा आवडला. आईंना नमस्कार सांगा, त्यांची नजर पक्की आहे.

पण दगड दुसरंच सांगतो हे मला नाही पटत. पैसे देणाऱ्याला पाटीवर काय लिहिलंय हे माहीत होतं, त्याला ते मान्य होतं. १८५७ होऊन बाराच वर्षं झाली होती हो. त्या वर्षांत संरक्षणाबद्दल आभार म्हणजे काय, हे लंडनमधल्या वाचणाऱ्यालाही कळत होतं आणि लिहिणाऱ्यालाही. बैलाबद्दल सांगायचं तर हिंदुस्थान म्हटलं की ताड, बैल, हत्ती असं ठरलेलं चित्र तिकडच्या कलाकारांच्या डोक्यात असायचंच, त्यातून तो आला असणार.

कावसजींनी मुंबईला खूप दिलंय हे नाकारत नाही. विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत, भायखळ्याचं डोळ्यांचं हॉस्पिटल. पुढच्या पिढ्यांनीही दिलं, रीगलसमोरचा सर कावसजी जहांगीर हॉल, जिथं आता एनजीएमए म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी, सगळं त्याच घराण्याचं. हे सगळं खरं. तरी पाटीवर जे आहे ते आहे, ते झाकायला नको.

थेम्सकाठी:

झाकायचं तर मलाही नाही, म्हणूनच मजकुराचा अर्थ पूर्ण दिला. आणि १८५७ चा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. ठरलेल्या चित्रातून बैल आला असेलही. पण आईने दीडशे वर्षांनी त्याला ओळखलं, त्या ओळखण्याचं काय करायचं? तिला पाटी वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही तिला. तिच्यासाठी त्या पाणपोईवर लिहिलेलं एवढंच होतं, वशिंड.

कातळ:

मी दगडाच्या जतनकामात आहे, गेली सोळा वर्षं, त्यामुळे राहवलं नाही.

थेम्सकाठी, तुम्ही दिलेल्या दोन दगडांच्या नावांतच त्या आराखड्याची अक्कल आहे. संगमरवर कोरायला लोण्यासारखा, पण जात चुन्याची. कोळशाच्या धुरात गंधक असतो, तो पावसात मिसळला की आम्ल तयार होतं आणि ते चुन्याच्या दगडाला खातं. जिथं पाऊस थेट लागतो तिथं संगमरवराचा गुळगुळीतपणा जातो आणि हाताला पिठीसाखरेसारखं रवाळ लागतं, कण सुटतात. जिथं आडोसा आहे, समजा कमानीच्या पोटात किंवा चेहऱ्याच्या हनुवटीखाली, तिथं उलट काळी खपली धरते. त्यामुळे अशा जुन्या संगमरवरी चेहऱ्यांची नाकं आणि कानाच्या पाळ्या आधी जातात. ग्रॅनाइटला ह्याचं काही नाही. भार घ्यायला, ओलाव्याला, लोकांच्या हातापायाला ग्रॅनाइट आणि बघायची नक्षी संगमरवरात, हे जाणून केलेलं काम आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा बैलाच्या पाऊस लागणाऱ्या बाजूवरून आणि आडोशाच्या बाजूवरून डोळ्यांनीच नजर फिरवा, हात नको, फरक दिसेल.

मुंबईचं सांगतो. आपल्या प्याऊंचा शत्रू पाऊस नाही, ऑइल पेंट आहे. एका जुन्या प्याऊचं काम आमच्याकडे होतं (कुठला ते नको, काम चांगल्या मनाने देणारी माणसं होती). खांबाच्या माथ्यावर सगळं गोळामोळा, नुसते उंचवटे. आम्ही एका कोपऱ्यात ब्लेडने थर मोजले तर नऊ निघाले, हिरवा, पिवळा, परत हिरवा, मग गेरू, मध्येच चंदेरी. दर सणाला, दर निवडणुकीला कुणीतरी प्रेमानेच रंगवलेलं. दगडाला श्वास राहिला नव्हता, आतला ओलावा बाहेर पडायला जागा नाही म्हणून रंगाच्या खाली दगडाची पापुद्री सुटत होती. वाळूचा मारा करून रंग काढता येतो पण त्यात नक्षीही जाते, म्हणून लेप लावला, कागदाचा लगदा आणि रसायन, वरून प्लास्टिक, रात्रभर तसंच. सकाळी बांबूच्या चपट्या काडीने थर उचलायचा, हळूहळू.

चौथ्या दिवशी त्या गोळ्यातून पोपट निघाला. वेलीत चोच खुपसलेला, तळहाताएवढा, आणि पंखावर एकेक रेघ. आमच्या बरोबरचा जो मुलगा लेप काढत होता तो काडी तशीच हातात धरून बसून राहिला. सगळ्यांना हाक मारली त्याने. खालच्या टपरीवाल्यालाही वर बोलावलं. तो म्हणाला मी तीस वर्षं इथं उभा आहे, मला वाटायचं तो नारळ आहे.

नक्षीचा विषय निघालाच आहे तर फोर्टातला मुळजी जेठा फवारा बघाच, सीएसएमटीवरून चालत जाता येतं, मिंट रोडला. १८९४ चा. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, म्हणजे ज्यांनी व्हीटी स्टेशन आणि महापालिकेची इमारत केली तेच. शिल्पाचं काम जेजे कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, ज्यांनी जेजेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. वेगवेगळ्या रंगांचे दगड आणि जनावरांची तोंडं. आणि हा फवारा आनंदात बांधलेला नाही. रतनसी मुळजींचा मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीत बांधला. अगदी वर त्या मुलाचीच मूर्ती बसवली आहे. एवढं मोठं दुःख झालेल्या बापाने रस्त्यावरच्या लोकांना पाणी पाजायचं ठरवलं, मी तिथं गेलो की हेच मनात येतं. त्याचं जतनकाम झालं आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्माननीय उल्लेखही मिळाला.

भातबाजारची_लेक:

कातळ, पोपटाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

मी मशीद बंदरला वाढले. वडिलांचं भात बाजारात छोटं दुकान, धान्याचं. दुकानाजवळच केशवजी नायक यांचा प्याऊ, वर घड्याळाचा मनोरा असलेला, १८७६ चा. केशवजी नायक कच्छी व्यापारी. आमच्या लहानपणी कुणी त्याला वारसा वगैरे म्हणत नव्हतं, तो नुसता "फवारा" होता. फवाऱ्यापाशी भेट, फवाऱ्याच्या डाव्या हाताला वळ, असंच पत्ता सांगणं असायचं. त्याच्या भोवती हातगाड्यांचा असा गराडा की दगड दिसायचा नाही, आणि माथाडी कामगार दुपारी पोत्यांची चुंबळ डोक्याखाली घेऊन त्याच्या सावलीत झोपायचे. माझ्या वडिलांना त्यातल्या सगळ्यांची नावं माहीत, कोण सातारचा, कोण जुन्नरचा.

तेव्हा त्यातून पाणी यायचं नाही. मी वडिलांना विचारायचे की ह्याला फवारा का म्हणतात, ह्यातून तर काहीच उडत नाही. ते म्हणायचे, आजोबांना विचार, त्यांनी प्यायलंय. आजोबा तेव्हा गेलेले होते.

मग काही वर्षांपूर्वी त्याची दुरुस्ती झाली आणि पाणी परत सुरू झालं, वडिलांना मी मुद्दाम घेऊन गेले. आता ते ऐंशीचे आहेत. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, पाणी घेतलं, प्यायले नाहीत लगेच, आधी डोळ्यांना लावलं. मग प्यायले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

निळावंती:

सगळ्यांचं वाचतेय. एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही म्हणून लिहिते, धाग्याला वेगळीकडे नेण्यासाठी नाही, उलट मला वाटतं हा धाग्याचाच भाग आहे.

लंडनची रेडीमनी पाणपोई १८६९ ची. त्याच्या एकच वर्ष आधी, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. तिकडे साखळीला बांधलेला एकच पेला, जो येईल तो पितो, गवंडी पितो, मोलकरीण पिते, आणि पेला जागेवर ठेवा एवढीच अट. इकडे पुण्यासारख्या शहरात, जिथं नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने गावात येत होतं आणि पेठापेठांतून हौद होते, तिथं काही माणसांना हौदाला हात लावता येत नव्हता. मग फुल्यांनी स्वतःच्या दारातला हौद उघडा केला. त्याला काही नक्षी होती का हे कुणी विचारत नाही, त्याची गरजच नाही.

पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या कराव्यात. ठराव पास झाला. आणि तरी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जाऊन बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना ते पाणी ओंजळीत घेऊन दाखवावं लागलं. भातबाजारची लेक, तुमच्या वडिलांच्या ओंजळीचं वाचलं आणि मला पहिलं तेच आठवलं.

माझी आजी सांगायची, वैशाखात गावच्या वेशीवर पाणपोई लागायची, रांजण वाळूत पुरलेले, वर ओलं फडकं. बाकीचे ओगराळ्याने पाणी घेऊन भांड्यात प्यायचे. आजी आणि तिची आई जरा लांब बसायच्या आणि पाणी वाढणारा माणूस वरून धार धरायचा. वरून. निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं. आजी म्हणायची, तहान भागली की नाही ते कळायचंच नाही बाई, लुगडं तेवढं भिजायचं. ती पाणपोई बांधणाऱ्याने पुण्यच केलं होतं, खोटं नाही. पण पाणपोईवर बैल कोरलाय की मोर, ह्याच्या आधी मी बघते की पाणी घ्यायची जागा किती उंचीवर आहे आणि माणूस स्वतःच्या हाताने घेऊ शकतो का.

थेम्सकाठी:

निळावंती, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली आमच्याकडंही असंच होतं, आम्ही भांड्यानं पिणाऱ्यांतले होतो. एवढंच बोलली.

तुम्ही उंचीचं म्हणालात ते मला फार महत्त्वाचं वाटतंय. ह्या संस्थेने बसवलेल्या दगडी डोणींत घोड्यांसाठी वर एक उंची आणि खाली जमिनीलगत कुत्र्यांसाठी छोटी कुंडी अशी सोय असायची, मी लंडनमध्ये अशा बघितल्यात, आता त्यांत फुलझाडं लावतात. म्हणजे कोण पिणार हे ठरवून दगड त्या उंचीवर कोरायचा. आराखडा म्हणजे फक्त वरची नक्षी नव्हे हे मान्य.

पोथीवाचक:

पाणपोईला जुना शब्द प्रपा. हा आपल्याकडे दगडात कोरलेला सापडतो आणि तोही फार जुना. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा मोठा लेख आहे, क्षत्रप नहपानाचा जावई. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने काय काय दान केलं ते सांगितलंय, गायी, गावं, घाट, आणि तापी, दमणा, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा केल्या असं पुढे येतं. म्हणजे नाव पकडायला थांबलेल्या माणसाला बसायला जागा आणि प्यायला पाणी, आणि एका काठावर नाही, दोन्ही काठांवर. मला ते दोन्ही काठांवर फार आवडतं. ज्याने हे ठरवलं त्याने नदी ओलांडून पलीकडे थांबलेल्या माणसाचाही विचार केला.

गिरगावकरांच्या मुद्द्यावर एकच, उषवदाताच्या लेखातही सासऱ्याचं नाव पहिलं येतं. दान करणारा राजाचं नाव घेतोच, ही पद्धत जुनी आहे. त्याने पाटीवरचा मजकूर चांगला ठरत नाही, पण कावसजी एकटे पडत नाहीत.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली:

पोथीवाचक, हे चांगलं सांगितलंत. मी जरा मवाळ होतो. पण पूर्ण नाही.

बाय द वे, कावसजी एकटे नव्हतेच, दुसऱ्या अर्थानेही. ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोक रो नावाचं खेडं आहे तिथं काशीच्या महाराजांनी विहीर बांधून दिली, १८६४ ची, ३६८ फूट खोल, वर घुमट आणि त्याखाली सोनेरी हत्ती. खेड्यात पाण्याचे हाल आहेत आणि लहान पोराने कळशीतलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून त्याला मार बसला, हे एका इंग्रज अधिकाऱ्याने महाराजांना सांगितलं होतं म्हणतात. हाईड पार्कातही विजयनगरमच्या महाराजांची एक पाणपोई होती, १८६० च्या दशकातली, ती मात्र १९६४ मध्ये पाडून टाकली. म्हणजे तुमचा बैल वाचला हे नशीबच.

थेम्सकाठी:

स्टोक रो ला जायचंच आहे आता! हाईड पार्कच्या पाणपोईचा आराखडाही रॉबर्ट केर्ल यांचाच होता, म्हणजे एकाच माणसाच्या हातून हिंदुस्थानी पैशाच्या दोन पाणपोया, त्यातली एक उरली.

समुद्रपक्षी:

मी पारशी नाही, पण शेजार सगळा पारशी होता, ताडदेवला, म्हणून लिहितो. पारशी लोकांत पाणी ही देवाची गोष्ट आहे, आवां यजद म्हणतात, महिन्यातला एक दिवस आणि वर्षातला एक महिना तिच्या नावाचा. चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे ती १७२५ ची, समुद्राच्या इतक्या जवळ असून पाणी गोड. शेजारच्या काकी आवां महिन्यात तिथं जाऊन दिवा लावायच्या. आत पारशांनाच जाता येतं. काकी परत येताना छोट्या बाटलीत पाणी आणायच्या आणि आमच्या आईला द्यायच्या, माझ्या भावाला गोवर आला होता तेव्हा तर रोज.

त्यामुळे मला वाटतं कावसजींनी लंडनला पुतळा किंवा हॉल न देता पाणी दिलं, ह्यात राज्यकर्त्यांचे आभार असतील पण त्याच्या मागे घरचा संस्कारही आहेच. देणाऱ्याच्या मनात दोन्ही एकदम असू शकतं.

भातबाजारची_लेक:

एक विचारायचं होतं, कातळ यांना. आमच्या आताच्या घराजवळ स्टेशनबाहेर एक छोटा प्याऊ आहे, कोरडा, तिन्ही बाजूंनी दुकानांनी वेढलेला. मागच्या बाजूला बोटं आत घालून चाचपलं तर रंगाखाली काहीतरी नक्षी लागते, गोलगोल, बहुतेक कमळ किंवा एखादं तोंड. साफ करता येईल का? आम्ही पाच-सहा जण आहोत, घासायला तयार आहोत.

कातळ:

घासू नका, हात जोडून सांगतो. ॲसिड नको, वायर ब्रश तर अजिबात नको, साबणसुद्धा नको. परवानगीशिवाय दगडाला काही लावायचं नाही. पण करण्यासारखं खूप आहे. टेप घेऊन मापं घ्या, चारी बाजूंचे फोटो काढा, सकाळी आठच्या आत, ऊन तिरकं असतं तेव्हा रंगाखालची नक्षीही सावलीने उठून दिसते. दिवस ढगाळ असला तर मोबाइलचा टॉर्च बाजूने दगडाला जवळजवळ चिकटवून धरा आणि मग फोटो काढा. पाटी असेल तर त्यातली अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या, चुकीची वाटली तरी सुधारू नका. आत नळाची जुनी लाइन दिसते का बघा, शिसाची आहे की लोखंडाची. आणि निळावंती म्हणाल्या तसं, पाणी घ्यायची जागा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, एक आहे की दोन वेगवेगळ्या. हे मी इतकी वर्षं मोजत आलो पण त्याचा असा विचार केला नव्हता.

एवढं झालं की वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो. रविवारी मी मोकळा आहे. स्टेशन कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सव्वासातला पोचतो.

निळावंती:

मीही येते. टेप माझ्याकडे आहे.

थेम्सकाठी:

अरे वा, मला हेवा वाटतोय तुमचा. फोटो नक्की टाका इथं.

आज सकाळी आईला परत घेऊन गेले होते, तिचा आग्रह होता. कातळ यांनी सांगितल्याप्रमाणे हात न लावता बघितलं. आडोशाला काळी खपली आहे, अगदी तुम्ही म्हणालात तशीच. आईने वहीत पेन्सिलीने बैल काढलाय, तिने शाळा सोडल्यापासून चित्र काढलेलं नव्हतं. शिंगं आधी काढली, मग वशिंड, मग बाकीचा बैल. ताडाचं झाड राहिलंय, थंडी वाजायला लागली म्हणून उठलो. उद्या पाऊस नसेल तर ते काढायला जाणार आहोत.